कढीपत्ता मेलेला नाही! थंड देशांत तुळस, मोगरा आणि कढीपत्ता हिवाळाभर कसे जगवायचे?

जानेवारीतली सकाळ. बोरीवलीत नऊ वाजलेत, न्यू जर्सीत आदल्या दिवशीची रात्र आहे. व्हिडिओ कॉलवर मुलगी आईला कुंडी दाखवते. कुंडीत नुसती एक काडी उभी आहे.

"आई, सगळी पानं गळली गं. गेला बहुतेक."

"अगं, रोज पाणी घालत होतीस ना? थोडं आंबट ताक घालून बघ."

परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी घरांना हा संवाद ओळखीचा वाटेल. यात दोन गैरसमज आहेत. पहिला, झाड गेलं असं समजणं. बहुतेक वेळा ते झोपलेलं असतं. दुसरा, रोज पाणी आणि वर ताक. बोरीवलीच्या गॅलरीत चालणारा हा उपाय तिकडच्या जानेवारीत झोपलेल्या झाडाला खरोखर मारू शकतो.

उष्ण प्रदेशातली नाजूक झाडं थंड हवामानात कशी तगवायची, त्यामागचं विज्ञान काय आणि कोणत्या झाडाला काय लागतं, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- रात्रीचं तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसवर येऊ लागलं की कुंड्या घरात घ्या. पहिल्या हिमकणांची वाट बघू नका.
- हिवाळ्यात झाडं थंडीपेक्षा जास्त पाण्याने मरतात.
- ऊब, उजेड आणि पाणी या तीन गोष्टी एकत्र वाढवा किंवा एकत्र कमी करा.
- पानं गळली म्हणजे झाड मेलं असं नाही. नखाने खोड खरवडून बघा.
- बोरीवलीहून बॅगेत रोप किंवा ताजी पानं नेऊ नका. त्यामागे गंभीर कारण आहे.

बोरीवलीच्या झाडाला हिवाळा माहीतच नाही

मुंबईत थंडी पडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वर्षी पारा ११ ते १५ अंशांच्या आसपास असतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतली आजवरची सर्वांत कमी नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ ची. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या बोरीवली पूर्वेला पहाटे गारवा थोडा जास्त जाणवतो, पण गोठण्याचा प्रश्न कधीच येत नाही.

उलट मुंबईत कुंडीतल्या झाडांसाठी हिवाळा हा सगळ्यांत सुखाचा काळ. आपल्याकडची परीक्षा असते पावसाळ्यात. सततचं पाणी, ढगाळ आभाळ आणि कुजणारी मुळं. जून ते सप्टेंबर आपण अडेनियम आणि निवडुंग पत्र्याखाली सरकवतो, पाणी बंद करतो. ही सवय लक्षात ठेवा. परदेशातला हिवाळा समजून घ्यायला तीच कामी येते.

आणखी एक गोष्ट बोरीवलीकरांनी पाहिलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये राष्ट्रीय उद्यानातला साग उघडाबोडका होतो. काटेसावर तर पानं टाकून फुलते. कोणीही म्हणत नाही की जंगल मेलं. पाणी कमी झालं की ही झाडं पानं गाळून खर्च वाचवतात आणि वेळ आली की पालवतात. कुंडीतला कढीपत्ता न्यू जर्सीत हेच करतो. फरक इतकाच, की तिथे कारण दुष्काळाचं नसून थंडीचं आणि अंधाराचं असतं.

थंडी झाडाला नेमकं काय करते?

थंडीची इजा दोन प्रकारची असते. त्यातला फरक कळला की अर्धं काम झालं.

पहिली : गारठ्याची इजा. ही शून्याच्या बरीच वर, साधारण १० ते १२ अंशांच्या खाली सुरू होते. डिसेंबरात पुण्याला किंवा नाशिकला खोबरेल तेलाची बाटली आठवा. तेल पांढरं, घट्ट होतं. त्याच कपाटातलं शेंगदाणा तेल मात्र वाहतं राहतं. कारण दोन्ही तेलांतले स्निग्ध पदार्थ वेगळे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती असंच स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं. थंड प्रदेशातली झाडं हिवाळ्याआधी ते आवरण थंडीतही मऊ राहील असं बदलून घेतात. उष्ण प्रदेशातल्या झाडांना ते फारसं जमत नाही. आवरण कडक होतं, पेशीतले क्षार बाहेर झिरपतात, पानांवर काळे-तपकिरी डाग पडतात. तुळशीची पानं एका रात्रीत काळवंडतात ती यामुळे. बाहेर बर्फाचा कणही नसताना.

दुसरी : गोठण्याची इजा. तापमान शून्याखाली गेलं की आधी पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होतो. तो बर्फ पेशीतलं पाणी ओढून घेतो. पेशी आतून वाळते, आवरण फाटतं. सकाळी ऊन पडलं की पान उकडल्यासारखं लोंबतं. या पानाला वाचवता येत नाही.

आणि एक फसवी गोष्ट : हवामानाच्या ॲपवर ३ अंश दिसत असले तरी पानांवर हिमकण पडू शकतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. थंड हवा जड असल्याने खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात, तेव्हा गावातलं तापमान काही अंशांनी जास्तच असतं. त्यामुळे झाड बाहेर असताना ॲपवरच्या आकड्यात तीन-चार अंशांची सूट धरा.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे सगळं पाठ आहे. निफाड तालुक्यात पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, रात्री पाणी दिलं जातं. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. जळगावच्या केळीबागांभोवती वारा अडवायला शेवरी किंवा गवताची कुंपणं करतात, ती याच शत्रूसाठी. कुंडीवाल्याचं नशीब एवढंच, की त्याला बाग उचलून आत आणता येते.

'झोन ७', 'एच १' म्हणजे काय?

परदेशात नर्सरीतल्या रोपावर एक चिठ्ठी असते. अमेरिकेत तिच्यावर 'झोन' लिहिलेला असतो. तिथल्या कृषी खात्याने देशाचे १ ते १३ असे पट्टे केले आहेत. वर्षातलं सर्वांत थंड तापमान सरासरी किती, यावर ते ठरतात. आकडा लहान तितकी थंडी जास्त. हा नकाशा २०२३ मध्ये सुधारण्यात आला. झोन ७ म्हणजे पारा साधारण उणे १८ ते उणे १२ अंशांपर्यंत उतरतो. न्यू जर्सीचा बराच भाग याच्या आसपास येतो. हाच हिशेब मुंबईला लावला तर ती बाराव्या झोनच्या जवळ बसते.

ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची 'एच' श्रेणी चालते. एच १ म्हणजे थंडीत काचघर किंवा घर लागणारी झाडं, एच ७ म्हणजे उणे २० अंशांखालीही तगणारी. आपली बहुतेक सगळी लाडकी झाडं एच १ मध्ये मोडतात.

या आकड्यांतून फक्त सर्वांत थंड रात्र कळते. ती थंडी किती आठवडे टिकते, घरात उजेड किती येतो, ते त्यातून कळत नाही. त्यामुळे चिठ्ठीवर झोन ९ लिहिलं असेल आणि तुम्ही झोन ७ मध्ये असाल, तर झाड आत घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मुख्य नियम : ऊब, उजेड, पाणी यांचा ताळमेळ

घरात आणलं, उबेत ठेवलं, तरी झाड का मरतं? कारण ऊब आहे, पण उजेड नाही.

२२ डिसेंबरच्या आसपास बोरीवलीत दिवस जवळपास ११ तासांचा असतो. न्यू जर्सीत तो साधारण सव्वानऊ तासांचा, टोरांटोत जेमतेम नऊ आणि लंडनमध्ये आठ तासांपेक्षाही थोडा कमी. सूर्य आकाशात खाली असतो, आभाळ ढगाळ असतं आणि काचेतून येताना उजेड आणखी घटतो.

झाडाचा खर्च मात्र तापमानावर ठरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की झाडाचा श्वसनाचा खर्च साधारण दुप्पट होतो. हीटर लावलेल्या २१-२२ अंशांच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड म्हणजे भाडं आणि वीजबिल चालू, पण गिऱ्हाईक नाही असं दुकान. साठवण संपेपर्यंत चालतं, मग बंद पडतं.

म्हणून मार्ग दोनच :

१. जागं ठेवायचं : ऊब भरपूर, उजेडही भरपूर, पाणी बेताचं. दक्षिणेकडची खिडकी आणि सोबत वाढीचा एलईडी दिवा रोज १२ ते १४ तास. दिवा झाडाच्या जवळ हवा. अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा उजेड जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. छताला लावलेला दिवा झाडाच्या उपयोगाचा नाही.

२. झोपवायचं : ऊब कमी (साधारण ७ ते १२ अंश), उजेड कमी, पाणी नावाला. गोठणार नाही असं गॅरेज, तळघर, जिना किंवा हीटर नसलेली खोली.

मधला मार्ग नाही. गरम खोली, अंधार आणि रोज पाणी हे सगळ्यात वाईट मिश्रण, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच असतं.

ही युक्ती जुनीच आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात 'ऑरेंजरी' बांधली गेली. संत्र्या-लिंबांची झाडं लाकडी पेट्यांत लावलेली, उन्हाळ्यात बागेत आणि थंडीत उंच खिडक्यांच्या दालनात. दक्षिणेकडे तोंड, जाड भिंती, थंड पण न गोठणारी हवा. आजही तिथली झाडं मे ते ऑक्टोबर बाहेर आणि बाकीचे महिने आत असतात. राजाला दालन लागलं, आपल्याला खिडकी पुरते.

कुंड्या आत कधी घ्यायच्या?

रात्रीचं तापमान सलग १२ अंशांच्या खाली जाऊ लागलं की. टोरांटोत हे सप्टेंबरच्या मध्यानंतर होतं, न्यू जर्सीत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लंडनमध्ये साधारण ऑक्टोबरमध्ये.

मराठी घरासाठी लक्षात ठेवायला सोपी खूण : घट बसले की कुंड्या आत. मात्र तिथी सरकते. घटस्थापना २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये ती ११ ऑक्टोबरला आहे. पंचांग आठवण करून देतं, निर्णय थर्मामीटरवर घ्या.

दिवाळीपर्यंत थांबणं धोक्याचं. तुळशीच्या लग्नाची वाट बघणं तर त्याहून. कार्तिकी द्वादशीच्या सुमारास बोरीवलीत तुळस पावसाळ्यानंतर भरगच्च झालेली असते. न्यू जर्सीत मात्र तोवर पहिले हिमकण पडून गेलेले असतात. लग्न लावायचं तर नवरी आधीच घरात आलेली हवी.

हीटर सुरू व्हायच्या आधी झाडं आत आली तर आणखी चांगलं. बाहेरच्या दमट हवेतून एकदम कोरड्या हवेत गेलं की पानं गळतात. हळूहळू गेलं तर गळती कमी होते.

आत आणण्याआधीची तयारी

- सावलीची सवय. आठवडाभर आधी कुंडी कडक उन्हातून सावलीत सरकवा.
- किडी तपासा. पानांची खालची बाजू, देठांच्या बेचक्या आणि कुंडीचा तळ बघा. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी हे नेहमीचे पाहुणे. बाहेर त्यांना खाणारे भक्षक कीटक असतात, घरात कोणी नसतं.
- अंघोळ घाला. पाण्याच्या धारेने पानं दोन्ही बाजूंनी धुवा. गरज असल्यास एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण मिसळून फवारा, आठवड्याने पुन्हा करा.
- छाटणी बेताची. कढीपत्त्याचे, जास्वंदीचे शेंडे थोडे कमी केले तरी चालतात. कुंडी मात्र आता बदलू नका. मोठ्या कुंडीतली जादा माती ओली राहते आणि मुळं कुजतात.
- खत बंद. झाड वाढत नसताना दिलेलं खत मातीत क्षार होऊन साचतं.

कोणत्या झाडाला काय हवं?

कढीपत्ता. रात्री ८ ते १० अंश व्हायला लागले की आत. पानं टिकवायची असतील तर खोली १५ अंशांवर आणि भरपूर उजेड हवा. तसं नसेल तर तो पानं पिवळी करून गाळतो. घाबरू नका. पाणी कमी करा, मातीचा वरचा दोन इंचांचा थर कोरडा झाल्यावरच द्या. हिवाळ्यात फोडणीसाठी फांद्या ओरबाडू नका. उन्हाळ्यात जास्तीची पानं काढून फ्रीजरमध्ये ठेवा, तीच वापरा.

तुळस. थंडीला सर्वांत हळवी, १२-१३ अंशांनाच आत. दिव्याखाली ठेवली तर निभावते. मंजिऱ्या खुडत राहा, बी धरलं की झाडाचा जोर संपतो. पण खरी हमी वेगळी आहे : तुळस मुळात काही वर्षांचीच. शरद ऋतूत वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी कागदाच्या पुडीत ठेवा आणि मार्चमध्ये उबदार खिडकीत पेरा. मूळ झाड गेलं तरी वंश राहतो.

मोगरा. दहा अंशांखाली नको. उजेडाची, जराशी गार खोली त्याला मानवते. आपल्याकडेही मोगऱ्याचे शेतकरी हिवाळ्यात पाणी तोडून, छाटणी करून त्याला विश्रांती देतात आणि त्यानंतरच उन्हाळी बहर येतो. म्हणजे हिवाळ्यात मोगरा गप्प बसला तर ते ठीकच. फेब्रुवारीअखेर छाटा.

जास्वंद. आत आल्यावर पानं गाळून रुसते, मग सावरते. १० अंशांच्या वर, उजेडात. नर्सरीत मिळणारी 'हार्डी हिबिस्कस' ही वेगळी जात. ती बाहेरच राहते. चिठ्ठी वाचून घ्या.

लिंबू. गार आणि उजेडाची जागा उत्तम. साधारण ५ अंशांपर्यंत निभावतो, पण गरम अंधाऱ्या खोलीत पानं झटकतो.

अळू. पानं पहिल्या हिमकणांनी झोपतात. त्याआधी वड्या करून घ्या. मग कंद काढून माती झटका, सावलीत वाळवा आणि कोरड्या भुशात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून गार, न गोठणाऱ्या जागी ठेवा. एप्रिलमध्ये घरातच कुंडीत लावून जागे करा.

कर्दळ आणि डेलिया. यांना पहिल्या हिमकणांनी पानं काळी पडू द्यायला हरकत नाही. मग खोड वीतभर ठेवून कापा, कंद खणा, काही दिवस वाळवा. जागा ७ ते १० अंशांची, अंधारी. महिन्यातून एकदा बघा : कुजलेला कंद फेका, सुरकुतलेल्यावर पाण्याचा हलका शिपका मारा.

हळद. ही स्वतःच थंडीच्या आधी पिवळी पडते. खणा, वापरा आणि बेण्यासाठी चार टपोरे कंद बाजूला ठेवा. त्यांना जास्त गारठा नको, घरातली साधी कोरडी जागा पुरते.

गवती चहा. एक ठोंब काढून लहान कुंडीत, पाती वीतभर कापून, खिडकीत. बाकीची पाती वाळवून चहाला.

पानओवा आणि कोरफड. ओव्याची फांदी पाण्यात किंवा मातीत सहज मुळं धरते, त्यामुळे अख्खी कुंडी सांभाळण्याऐवजी दोन फांद्या लावा. कोरफडीला हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुष्कळ झालं.

पाणी : प्रेमाची चुकीची जागा

बोरीवलीत एप्रिल-मेमध्ये कुंडीला दोन वेळा पाणी लागतं. तीच सवय तिकडच्या जानेवारीत घातक ठरते. माती गार असते, मुळं मंद असतात, पानं नसल्याने पाणी वर ओढणारं कोणी नसतं. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी लागते. मुळं कुजली की पानं मलूल होतात, आपण तहान समजून आणखी पाणी घालतो. दुष्टचक्र सुरू.

म्हणून वार ठरवून पाणी देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. कुंडी उचलून वजन बघण्याची सवय लावा. पाणी खोलीच्या तापमानाचं द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.

ताकाचं काय? उन्हाळ्यात, झाड जोमात असताना, पातळ ताक थोडंसं घालणाऱ्यांची परंपरा आहे. हिवाळ्यात बंद घरात ते घातलं तर वास, बुरशी आणि मातीवर घोंघावणारी चिलटं एवढंच मिळेल.

हवेतला दमटपणा ही वेगळी गोष्ट. हीटरच्या घरात आर्द्रता २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरते. लाल कोळ्याला हीच हवा आवडते. झाडं एकत्र ठेवा, शक्य असेल तर ह्युमिडिफायर लावा, पंधरा दिवसांनी पानं धुवा. कुंडी हीटरच्या झोताजवळ नको आणि पानं गार काचेला टेकलेली नकोत.

पानं गळली. मेलं की झोपलं?

तीन तपासण्या करा.

१. नखाची चाचणी. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली, बुंध्याकडे खरवडा. शेंडा मेला तरी खालचा भाग जिवंत असू शकतो.
२. वाकवून बघा. जिवंत फांदी लवते, मेलेली कट्कन मोडते.
३. मातीचा वास. कुबट, नासका वास आला तर मुळं कुजत आहेत. झाड काढा, मऊ काळी मुळं कापा, कोरड्या ताज्या मातीत, लहान कुंडीत लावा.

खोड पूर्ण वाळलं तरी कढीपत्त्याला मुळातून नवे फुटवे येतात. म्हणून मेअखेरपर्यंत कुंडी फेकू नका. फेब्रुवारीत कचऱ्यात गेलेले किती कढीपत्ते एप्रिलमध्ये फुटले असते, हे कोणालाच कळत नाही.

बाहेर परत कधी?

दिवस मोठा होऊ लागला की मार्चमध्ये झाडं स्वतः खूण देतात : टोकाला हिरवा ठिपका. तेव्हा पाणी हळूहळू वाढवा, खत सुरू करा, कुंडी बदलायची तर आता बदला.

गुढीपाडव्याला झाडं बाहेर काढायचा मोह होतो. थांबा. रात्री सलग १० अंशांच्या वर राहू लागल्यावरच बाहेर. न्यू जर्सीत हे साधारण मेच्या मध्याला, टोरांटो आणि ब्रिटनच्या बऱ्याच भागांत मेअखेरीस. पहिल्या दिवशी सावलीत दोन तास, मग रोज थोडं जास्त. हिवाळाभर घरात राहिलेली पानं थेट उन्हात भाजतात आणि पांढरी पडतात.

बोरीवलीहून रोप का नेऊ नये?

"आईच्या अंगणातलंच रोप हवं" ही भावना समजण्यासारखी आहे. पण मातीसकट रोप किंवा ताजा कढीपत्ता बॅगेत टाकणं बेकायदा आहे. अमेरिकेत विमानतळावर तो जप्त होतो, ब्रिटनमध्ये प्रवाशांना तो भारतातून नेता येत नाही, ऑस्ट्रेलियात नियम आणखी कडक आहेत.

कारण एक चिमुकला कीटक, सिट्रस सिला. कढीपत्ता हा लिंबूवर्गीय कुळातला असल्याने हा कीटक त्यावर आनंदाने राहतो आणि संत्र्या-लिंबांमध्ये 'ग्रीनिंग' हा रोग पसरवतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथला संत्रा उद्योग कोसळला. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनाही हे नाव परकं नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तर राज्यातल्या राज्यात कढीपत्त्याची कुंडी हलवण्यावर निर्बंध आहेत. म्हणजे पिशवीतली एक डहाळी शेकडो शेतकऱ्यांच्या बागा धोक्यात घालू शकते.

रोप स्थानिक परवानाधारक नर्सरीतून घ्या. ओळखीच्यांकडच्या कढीपत्त्याला फुटवे आले असतील तर तुमच्या भागातले नियम बघून एखादा मागा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाहेरच कापड झाकून ठेवलं तर?
एखाद-दोन रात्रींसाठी जुनी चादर चालते. ती जमिनीपर्यंत पोचली पाहिजे, कारण उष्णता मातीतून येते. प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान गोठतं. आणि अख्खा हिवाळा चादरीवर निघत नाही.

खिडकी उत्तरेकडे आहे. काय करू?
दिवा घ्या किंवा झाड गार जागी झोपवा. थंडीच्या दिवसांत उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो. उत्तरेच्या खिडकीवर तुळस निभावत नाही.

सगळीच झाडं वाचवायला हवीत का?
नाही. खिडकी एक असेल तर ती कढीपत्ता आणि मोगऱ्याला द्या. तुळशीचं बी ठेवा, ओव्याची फांदी लावा, कंद कपाटात. झेंडू आणि मिरचीचं बी धरा आणि निरोप घ्या.

बोरीवलीत हिवाळ्यात काही करावं लागतं का?
फारसं नाही. अडेनियमला पाणी कमी करा. कॅलेडियमची पानं गेली तर कुंडी फेकू नका, कंद आत झोपलेला असतो. बाकी झाडांसाठी हाच बहराचा काळ.

तर पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर ती काडी दिसली की "पाणी घाल" म्हणायच्या आधी विचारा : "नखाने खरवडून बघितलंस का?" हिरवं दिसलं, तर कुंडी खिडकीत राहू द्या आणि मार्चपर्यंत धीर धरा.